जखऱ्याची पाटी

रविवार, ता. १ सप्टेंबर १९२९

आजही सार कढत जेवले.

लग्न झाल्यापासून मी गार सार जेवत आले. आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना हे करायचे, आणि ह्यांची प्रार्थना म्हणजे मुंबईहून निघालेली आगबोट. वाटेतल्या प्रत्येक बंदराला लागल्याशिवाय पुढे सरकायची नाही. आधी भाताबद्दल आभार, मग भात पिकवणाऱ्याबद्दल, मग त्याच्या बैलांबद्दल. मी एक डोळा किलकिला करून साराच्या वाफेकडे बघत बसायची. एकदा न राहवून म्हटलं, "अहो, बैलांचं उद्या म्हणा." तर दुसऱ्या दिवशी ह्यांनी बैलांपासूनच सुरुवात केली.

आता प्रार्थना मी करते. चार वाक्यांत आटोपते. हे डोळे मिटत नाहीत, पानातल्या भाताकडे बघत बसतात.

ही वही मिशनच्या मिसबाईंनी दिली. म्हणाल्या, "सखूबाई, मन मोकळं करायला कागद बरा." बाईंना काय ठाऊक, मन मोकळं करण्यात मी कधी कुणाला हार गेलेली नाही. अनाथाश्रमात वाढले, तिथे बोलेल त्यालाच भाकरी मोठी मिळायची. पण घरात ऐकणारं माणूस एकच, आणि आता त्यालाच सगळं सांगता येत नाही. म्हणून लिहिते.

सांगण्यासारखं इतकंच आहे. माझे यजमान काशीराम मिशनचे प्रचारक, आणि त्याहून मोठं म्हणजे कीर्तनकार. येशूची गोष्ट चिपळ्या घेऊन, पदं म्हणून, हसवत रडवत सांगणारे. राजापूरपासून वेळणेश्वरापर्यंत लोक ओळखतात. पावसाच्या तोंडाला घशात गाठ आली. घाटावर नेऊन ती कापली. जीव वाचला, आवाज गेला. परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. नुसती हवा निघते, फुटक्या भात्यासारखी. बोलायचं असलं तर हे पाटीवर लिहितात. हल्ली पाटी कोरीच असते.

गुरुवार, ता. ५ सप्टेंबर

शेजारच्या यमुनाबाई गडग्यापलीकडून हाका मारत होत्या. त्यांच्या घरी गणपतीची गडबड, मूर्तीवर टांगायच्या माटवीला बांधायला आमच्या आवारातली कवंडळाची फळं हवी होती. दिली. जाताना म्हणाल्या, "काय गो सखू, तुज्या घोवाचा आवाज गेला नि माजा घर पन मुका झाला. सांजचा कायतरी कानावर पडायचा, भाकऱ्या भाजताना बरा वाटायचा."

यमुनाबाई एवढ्या वर्षांत आमच्या घरात पाणी प्यायलेल्या नाहीत. पण ह्यांची सगळी पदं त्यांना पाठ आहेत.

रविवार, ता. १५ सप्टेंबर

माझी जीभ एखाद्या दिवशी मला खड्ड्यात घालणार, असं आश्रमातल्या मोठ्या बाई म्हणायच्या. तो दिवस आज उगवला.

नोव्हेंबरात आमच्या मंडळीचा उपकारस्तुतीचा सण. ज्याच्या त्याच्या शेतातलं पहिलं भात, भोपळे, नारळ, काकड्या, कुणाची कोंबडी, सगळं चर्चमध्ये आणून ठेवायचं आणि संध्याकाळी कीर्तन. पाळकसाहेबांनी आज उपासना संपल्यावर सांगितलं, "यंदा कीर्तन होणार नाही. मिसबाई पायपेटीवर चार गीतं वाजवतील."

ह्यांनी मान खाली घातली. तेवढंच मला दिसलं, आणि कुणीतरी मोठ्यांदा म्हणालं, "कीर्तन होईल. मी करीन." बघते तर मीच उभी होते.

पाळकसाहेब चष्मा पुसू लागले. मृदंग वाजवणारा लवू, जो एरवी भाट्याच्या तरीवर होडी हाकतो, तो म्हणाला, "वयनी करतील तर मी हाय." झालं. आता माघार घेतली तर तरीवरून पलीकडे जायची सोय राहणार नाही.

सोमवार, ता. १६ सप्टेंबर

काल रात्रभर वाटलं, हे रागावतील, निदान पाटीवर काही लिहितील. आज सकाळी लिहिलं. दोनच शब्द. "जखऱ्या नको."

यंदाचं आख्यान ह्यांनी उन्हाळ्यातच रचून ठेवलं होतं. म्हातारा याजक जखऱ्या. देवदूत येऊन सांगतो, तुला मूल होईल. म्हातारा म्हणतो, ह्या वयात? कसं शक्य आहे? विश्वास ठेवला नाही म्हणून मूल जन्मेपर्यंत मुका होतो. लवूला आणि मागे झील धरणाऱ्या पोरींना सगळी पदं शिकवून झाली होती. त्यांना दुसरं काही येत नाही, आणि मला तर तेही येत नाही.

मी म्हटलं, "का नको? दुसरं रचायला वेळ कुठे आहे?"

ह्यांनी पाटी मांडीवर ओढली. मग लिहिलं, "मी मुक्याची नक्कल केली. देवाने पाहिलं."

खरंच करायचे. तालमीत जखऱ्या देवळातून बाहेर येतो, तोंड उघडतो आणि आवाज फुटत नाही, ते हे असं करून दाखवायचे की पोरी हसून लोळायच्या. पुढच्याच महिन्यात गाठ आली. एवढे दिवस हे मनात घेऊन बसले होते. म्हणजे भाताकडे बघत नव्हते, देवाकडे बघायला भीत होते.

मला इतका राग आला की मी आधी रडले आणि मग बोलले. "देव असला खुनशी असता तर मला केव्हाच मुकी केली असती. पाळकसाहेबांच्या चालीची नक्कल मी गेली कित्येक वर्षं करते आहे. जखऱ्याच होणार."

ह्यांनी पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं. देवा, मी चुकले का? बाकीचं सगळं सोसेन, पण हा माणूस तुझ्याकडे पाठ करून बसला तर मला घर खायला उठतं.

मंगळवार, ता. १ ऑक्टोबर

तालीम सुरू आहे. तालीम म्हणजे मी ओसरीवर उभी राहून गाते आणि आवारातले कावळे उडतात. मी सुरुवात केली की हे उठतात आणि मागल्या दारी निघून जातात. एक दिवस नाही, रोज. माझं गाणं ऐकवत नाही हे समजू शकते, मलाही ऐकवत नाही. पण मनाला लागायचं ते लागतंच.

आणखी एक. आज ह्यांच्या चिपळ्या घ्यायला खुंटीकडे गेले तर खुंटी रिकामी. घरभर शोधल्या. विचारलं तर ह्यांनी खांदे उडवले. मला खात्री आहे, खाडीत टाकल्या. लवूच्या झांजा मागून घेतल्या.

सोमवार, ता. ७ ऑक्टोबर

मागल्या दारच्या फणसावर सुतारपक्षी आला आहे. मी गाऊ लागले की टक टक सुरू करतो. गंमत म्हणजे मी थांबले की तोही थांबतो. पक्ष्यालासुद्धा कीर्तनाची गोडी लागते आणि घरच्या माणसाला लागत नाही.

यमुनाबाईंना सांगितलं. त्यांच्या परसातून आमचा फणस स्वच्छ दिसतो. "हां गो, मी बगते ना रोज त्याला. गुणी पक्षी हाय." एवढं म्हणून इतक्या हसल्या की मशेरी नाकात गेली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

शनिवार, ता. १२ ऑक्टोबर

ह्यांना दवाखान्यात नेलं. हल्ली संध्याकाळी ह्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर थरथरतात. मला वाटलं, अशक्तपणा, नाहीतर वाताचं काही. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर थरथरतात का?"

"नाही. मी पदं गुणगुणायला लागले की."

"गुणगुणणं थांबलं की?"

"थांबतात."

डॉक्टर ह्यांच्याकडे बघत राहिले. हे छताकडे. डॉक्टर म्हणाले, "औषधाची गरज नाही बाई. तुम्ही गुणगुणत राहा." असले डॉक्टर. मी घरी येऊन मेथीचे लाडू केले. ह्यांनी चार खाल्ले, पण थरथर काही कमी नाही.

शनिवार, ता. २ नोव्हेंबर

दिवाळी. यमुनाबाईंनी गडग्यावरून फराळाचं ताट दिलं आणि वर मला कीर्तन शिकवलं. त्यांनी आयुष्यभर देवळात कीर्तनं ऐकली आहेत.

"तुजा गाना आता बरा जमलाय. पन हात? धान पाखडतंस की कीर्तन करतंस?"

"मग काय करू हातांचं?"

"एक झांजेला, एक गोष्टीला. नि मधे जरा थांबायचा. मानसाला रडायला जागा नको? मधल्या वक्ताला तुमच्यात बुक्का कोन लावतो?"

मी सांगितलं की आमच्यात मध्यंतर होतं, पण बुक्का नसतो. यमुनाबाईंना फार वाईट वाटलं. "अरेरे," म्हणाल्या, "मंग कीर्तनकाराला कळनार कसा, लोकांना आवडला ता?"

मी त्यांना सणाला बोलावलं. म्हणाल्या, बघू.

हे दारात उभं राहून ऐकत होते. मी वळले तर चिवडा खाण्यात गढल्यासारखं दाखवलं.

रविवार, ता. १० नोव्हेंबर

आज चर्चमध्ये सगळे गुडघे टेकून होते आणि मी देवाशी भांडत होते.

भांडण असं. जखऱ्याची गोष्ट शेवटी गोड होते. मूल जन्मतं, नाव ठेवायला गणगोत जमतं. आई अलीशिबा म्हणते, ह्याचं नाव योहान. बायकोच्या शब्दावर कोण जातं? सगळे म्हाताऱ्याकडे वळतात. तो पाटी मागतो, तेच नाव लिहितो आणि त्याची जीभ सुटते. टाळ्या, आरोळ्या, उपकारस्तुती.

आणि मी हे गाईन तेव्हा समोर हे बसलेले असतील. ह्यांची जीभ सुटणार नाही. मग मी काय सांगू? की जखऱ्याचं ऐकलंस आणि ह्यांचं नाही? की ह्यांचा विश्वास कमी पडला? जे खोटं आहे ते मी गाणार नाही, मग ते पद कितीही सुरेल का असेना. मला शेवटचं पद दे, नाहीतर त्या संध्याकाळी मलाच ताप आण.

परतताना मिसबाई म्हणाल्या, आज तुम्ही फार वेळ प्रार्थना केलीत. मी हो म्हटलं.

बुधवार, ता. २० नोव्हेंबर

भाकरी थापताना एक सुचलं. घाईत लिहून ठेवते, तवा तापला आहे.

जीभ सुटली ती पाटीच्या नंतर. आनंद आधीच आला होता. म्हातारा मुकाच होता, आणि तरी बायकोने जे तोंडाने सांगितलं तेच त्याने खडूने सांगितलं. दोघांना मिळून एक आवाज होता, आणि तेवढा देवाला पुरला.

भाकरी करपली. असू दे.

शनिवार, ता. २३ नोव्हेंबर

चर्च सजवलं. खांबांना भाताच्या लोंब्या, पायऱ्यांवर भोपळे. कुणीतरी कोंबडा आणला आहे, तो आत्तापासून कीर्तन करतो आहे. ताप काही आला नाही. उद्या याल का म्हणून ह्यांना विचारायचा धीर झाला नाही. पाटी घरात कुठे दिसत नाही. ती पण खाडीत गेली असावी.

सोमवार, ता. २५ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

काल संध्याकाळी गॅसबत्ती लावली. मंडळी बसली. मी उभी राहिले. हे कुठे दिसेनात. बघितलं तर यमुनाबाई शेवटच्या ओळीत, नवं लुगडं नेसून, देवळात बसतात तशा मांडी घालून. त्यांना बघून हात आठवले. एक झांजेला, एक गोष्टीला.

पूर्वरंग बरा गेला. लवू मृदंगावर मला सांभाळून घेत होता, होडीत म्हातारीला बसवावं तसा. मध्यंतर आलं, मी थांबले. आणि यमुनाबाई उठल्या. सरळ पुढे आल्या, कमरेची पुडी सोडली, माझ्या कपाळाला चांगला अंगठाभर बुक्का लावला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

चर्चमध्ये कोंबडासुद्धा गप्प झाला. पाळकसाहेब अर्धे उठले, तसेच राहिले. मला कळेना काय करावं. पदराने पुसावं तर ज्या बाईने आमच्या घरचं पाणी घेतलं नाही, ती आज भर मंडळीत माझ्या पाया पडली होती आणि तिचा चेहरा उजळला होता. न पुसावं तर उद्या मंडळी काय म्हणेल. ह्या विचारात उत्तररंग डोक्यातून साफ निघून गेला. पहिला शब्दसुद्धा आठवेना. लोक बघताहेत आणि मी झांजा धरून उभी.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे सुतारपक्षी सुरू झाला.

टक टक, टक टक. तोच. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हा इथे कसा आला. वळून बघितलं. झील धरणाऱ्या पोरींच्या मागे हे उभे. हातात चिपळ्या, नवा लाल गोंडा ओवलेल्या. बोटं थरथरत नव्हती, ठेका धरत होती. डोळ्यांनी मला म्हणाले, चल.

मी गेले. शब्द आपसूक आले. मूल जन्मलं, गणगोत जमलं, अलीशिबा म्हणाली, ह्याचं नाव योहान. लोक हसले, म्हणाले, म्हाताऱ्याला विचारा. इथे ह्यांची मुक्याची नक्कल असायची. मी ती गाळणार होते. पण हे चिपळ्या लवूच्या मांडीवर ठेवून पुढे आले, सदऱ्याआडून पाटी काढली, जखऱ्यासारखं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. आता ती नक्कल राहिली नव्हती, आणि कुणी हसलं नाही. खडू घेतला, लिहिलं, पाटी उंच धरली.

मला वाटलं, योहान लिहिलं असेल. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी लवूने मोठ्यांदा वाचलं, "ती म्हणते तेच."

पहिल्या हसल्या त्या यमुनाबाई. मग सगळं चर्च. मग हे. आवाज नाही, नुसते खांदे हलतात आणि डोळ्यांतून पाणी. गाठ झाल्यापासून मी ह्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी गाता गाता रडले, आणि रडता रडता भाकरीच्या वेळी सुचलेलं सगळं सांगितलं, की जखऱ्याची जीभ सुटली हे खरं, पण आनंद त्याच्या आधीच पाटीवर आला होता. ज्यांची जीभ सुटणार नाही त्यांच्याही घरी तो येतो.

शेवटी पाळकसाहेब माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "सखूबाई, कपाळाला काहीतरी लागलं आहे."

"ठाऊक आहे पाळकसाहेब. शेजारणीने मायेने लावलंय. घरी गेल्यावर धुवीन. देवाला राग आला तर तो मला सांगेल."

त्यांनी एकदा यमुनाबाईंकडे बघितलं. मग सणातला सगळ्यात मोठा भोपळा स्वतः उचलून त्यांच्या घरी पोचवायला निघाले.

मंगळवार, ता. २६ नोव्हेंबर

सकाळी उठले तर पाटी भरलेली. "दुसरं पद चढं झालं. हात अजून फार हलतात. लाडू पुरेत." खाली बारीक अक्षरात, "पुढच्या महिन्यात राजापूर. दोघं."

मी म्हटलं, "सुतारपक्ष्याने हे आधी सांगायचं होतं. रोज घरातून पळून कशाला जायचं?"

ह्यांनी लिहिलं, "तू गाताना थांबतेस का कुणासाठी?" मग ते पुसून लिहिलं, "भीत होतो. ठेका तरी देव घेतो का बघत होतो." पुढे खडू अडला. मी पाटी हातातून काढून घेतली आणि म्हटलं, "घेतो. मी विचारलंय."

दुपारी पानं घेतली. खाडीतली ताजी मासळी लवूने सकाळीच आणून दिली होती, तिचं सार केलं होतं. मी माझी चार वाक्यं सुरू करणार, तोच ह्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि डोळे मिटले.

ओठ हलू लागले. आवाज नाही, कुठपर्यंत आले ते कळायला मार्ग नाही. मी एक डोळा किलकिला करून बघितलं. ओठ चालूच. भात झाला असेल, शेतकरी झाला असेल, आता बहुतेक बैल. मग माझ्याकडे न बघता ह्यांची मान माझ्या दिशेला जराशी वळली, आणि तिथे आगबोट बराच वेळ थांबली. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

शेवटी पाटावर बोटांनी टक टक वाजलं. दोघांचं मिळून आमेन मी म्हटलं, मोठ्यांदा.

सार पार गार झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.